ताईची गप्पी पुन्हा व्याली

आयाबहिणींनो, भाऊ लोकांनो,

एवढ्या उन्हात तुम्ही या शोकसभेला साकोलीला आलात. कोणी दिघोरीहून, कोणी बपेऱ्याहून बस बदलत. मी कमलताईची धाकटी बहीण, मंगला. आजवर कधी माइकपुढे उभी राहिले नाही. पण बोलणार आहे. कारण मघापासून एकच शब्द ऐकून राहिले. बिचारी. बिचारीचा पाय गेला. बिचारी माशांपायी इथंच अडकली. नागपूरला मुलाजवळ गेली असती तर आणखी जगली असती, बिचारी.

माझी बहीण बिचारी नव्हती. हे मी सगळ्यांच्या तोंडावर सांगते.

भाऊजी गेल्यावर ताई एकटी राहत होती. दवाखान्यातल्या सिस्टरनं डासांसाठी टाकीत सोडायला गप्पी मासे दिले. तुम्हालाही दिले असतील. तुम्ही टाकीत सोडून विसरलात. ताईनं काचेच्या पेटीत ठेवले. एका दुपारी तिचा फोन आला, "मंगले, धावत ये! अंडं नाही, काही नाही, सरळ पिल्लंच सोडून राहिली!"

मी गेले. अंगाएवढे डोळे असलेली इवली पिल्लं एकेक करून बाहेर पडत होती. आणि आमच्यादेखत आई वळली अन् तिनं एक गिळलं. ताईनं सरळ पाण्यात हात घातला. त्या दिवसापासून पोटुशी मादी वेगळी. पेटीत दाट शेवाळ, पिल्लांना लपायला. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक बोटांनी बारीक करून त्यांना खाऊ. पुढं नागपूरहून लाल शेपटीच्या गप्पी आणल्या, आणि घरातल्या प्रत्येक खिडकीत एक पेटी झाली. लोक म्हणाले, या वयात देवाचं नाव घ्यायचं सोडून हे काय? ताई म्हणाली, "नाव तोंडानं घेतो. हात कायले रिकामे ठेवू?"

मग साखर वाढली. पायाच्या बोटाची जखम चिघळली. गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

ती नागपूरला दवाखान्यात असताना तिच्या मुलानं, विलासनं, सगळे मासे वाटून टाकले. विलास, मान खाली घालू नको बाबा. तुला आईला जवळ न्यायचं होतं. ओल्या फरशीवर ती घसरेल याची तुला भीती होती. मला ठाऊक आहे.

पण पेट्या धुताना शेवाळात एक मादी सापडली. मी ती लोणच्याच्या बरणीत ठेवली.

ताई घरी आली ती नागपूरला जायचं सामान बांधायला. पहिलाच प्रश्न, "मासे?" मी बरणी पुढं केली. विलास म्हणाला, "आई, एकटी मादी आहे. नर नाही. आता काय होणार?"

ताईनं बरणी उजेडात धरली. "हिच्या पोटात हाये. हिचं बाळंतपण झाल्याशिवाय मी हालत नाही."

मादी व्याली. विलास न्यायला आला, तर ताई म्हणाली, पिल्लं मोठी होऊ दे. पुढच्या महिन्यात तीच मादी पुन्हा व्याली. नराशिवाय! गप्पीची मादी एकदाचं बीज कितीतरी महिने पोटात सांभाळते, हे ताईला माहीत होतं. आम्ही मात्र तोंडात बोट घालून पाहत राहिलो. ताई इतकी हसली की खुर्ची हलली. "पाहिलं काय मंगले? नवरा नाही, कोणी नाही, तरी घर भरून राहिली! माहंही तसंच समज."

विलास एकटाच परत गेला. नंतर दर सुट्टीत येऊन पेट्यांचं पाणी तोच बदलायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. मी सांगते.

त्या सकाळी मी चहा घेऊन गेले. ताई पेटीजवळ खुर्चीत होती. मान एका बाजूला. पाणी काढायची नळी हातातच. बादली भरून पाणी फरशीवर वाहत होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

नागपूरला असती तर? जगली असती कदाचित. चौथ्या मजल्यावर, दुसऱ्यांच्या वेळेनं. तिनं ते नको म्हटलं. पूर्ण शुद्धीत म्हटलं. तिचा निर्णय तिच्या मरणानंतर तुम्ही आम्ही चुकीचा ठरवायचा? कोण आपण? दोष माशांना देऊ नका. विलासलाही देऊ नका.

काल कोणीतरी सुचवलं, मासे तलावात सोडा, पुण्य लागेल. एकही मासा तलावात जाणार नाही. बाहेरचे मासे तिथं सोडले की तिथल्यांचं खाणं जातं, असं ताईच सांगायची. पेट्या त्याच घरात, त्याच खिडक्यांत राहतील. विलासनं किल्ली मला दिली आहे. कालच आणखी एक मादी व्याली. नावं ठेवायची असतील त्यांनी ठेवावीत.

आता मौन. अशा सभेत उभं राहायची रीत आहे. पण आज कोणी उठू नका. माझ्या बहिणीनं शेवटची सगळी वर्षं बसून काढली, आणि ती कुणापुढंही वाकली नाही. आपणही बसूनच गप्प राहू.

ताई, नमस्कार.