निरोगी माणसाचा नमुना

आदरणीय अध्यक्ष, मंचावरील डॉक्टर मंडळी, सत्कारमूर्ती आमचे मास्तर, समोर बसलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या काकू आणि प्रयोगशाळेतल्या माझ्या सोबत्यांनो,

मला चार शब्द बोलायला सांगितलंय. पाचवा निघाला तर अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

आमच्या खोलीत पेशी रंगवून त्यांतली गुणसूत्रं मोजतात. मी नवी असताना एका पेशीत दुप्पट संच दिसला आणि मी ओरडलेच. मास्तर म्हणाले, "पेशी कुठली ते आधी बघ. यकृताची आहे, तिथं दुप्पट चालतात. बीजपेशीत निम्मीच, तेवीस. रक्तातल्या लाल पेशीत तर एकही नाही. कुणाच्या घरात किती माणसं राहतात ते विचारावं, मग बोंब मारावी." पांढऱ्या पेशीत मात्र तेवीस जोड्या हव्यातच.

रुग्णांच्या रक्ताबरोबर एक निरोगी नमुना लावायचा, ही आमची रीत. तो नीट आला की आमचं काम नीट. आणि निरोगी कोण? मास्तरच. "माझ्यासारखा धडधाकट मिळेल का तुम्हाला?" म्हणत इतकी वर्षं हेच दंड पुढे करायचे.

हल्ली त्या नमुन्यातल्या काही पेशींत सातव्या जोडीतलं एक गुणसूत्र दिसेना. आम्ही काय केलं असेल? रंग बदलला, औषधाच्या बाटल्या ओतून दिल्या, यंत्राला शिव्या घातल्या. रुग्णांचे नमुने चोख येत होते, तरी निरोगी नमुन्यावर संशय म्हणून कुणी घेतला नाही.

हसू नका, मंडळी. परवा मी मास्तरांना त्यांच्याच नमुन्याची काच दाखवली. बराच वेळ बघून ते म्हणाले, "रंग कच्चा लागलाय. कार्यक्रम होऊन जाऊ दे." कच्चा रंग ओळखायला मला शिकवलं कोणी?

मी घाबरले आहे. रक्ताच्या कर्करोगाची सुरुवात अशीही होऊ शकते, हे मंचावरच्या डॉक्टरांना मी सांगायला नको. त्यांचे चेहरे दिसतायत मला.

मास्तर, एकांतात तुम्ही ऐकलं नाहीत, म्हणून चारचौघांत बोलले. उद्या सकाळी रुग्ण म्हणून या. शेजारी निरोगी नमुना लागेल, त्यासाठी दंड मी पुढे करते.

आयोजकांची मी ऋणी आहे. आनंदाच्या दिवशी नको ते तोंडून गेलं, ते लेकीचं बोलणं समजून पोटात घाला. आणि काकू, त्यांनी मान खाली घातलीय, त्याला होकार समजू नका. हाताला धरून घेऊन या.