हौदाची फरशी धुवू नये

जबाब देणार : माशेवाली ताई (सगळे याच नावाने ओळखतात, ओळखपत्राची प्रत जोडली आहे), वय ५४ वर्षे, धंदा जखमी प्राण्यांच्या निवाऱ्यात त्यांचे खाणे तयार करणे, राहणार निवाऱ्याची मागची खोली.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब लिहून देते की, वरील ठिकाणी मी धाकट्या भावासोबत राहते. भाऊ तिथेच प्राण्यांची देखभाल करतो. आमचे रोज खटके उडतात, पण त्याच्याशिवाय मला कोणी नाही.

गेल्या वर्षी एका प्राणी-व्यापाऱ्याच्या गाडीत पाणमांजराची मादी आणि तिचे पिलू पोत्यात कोंबलेले सापडले. ही जात आता फार थोडी उरली आहे, म्हणून तिला पकडणे आणि विकणे गुन्हा आहे. फिर्याद निवाऱ्याने दिली. खटला संपेपर्यंत दोघांना कोर्टाने मुद्देमाल म्हणून आमच्या ताब्यात दिले. व्यापारी म्हणतो, ती आपल्या नदीतली नाहीत, बाहेरच्या जातीची आहेत, माझ्याकडेच जन्मली. त्यावर कोर्टाने दोघांचे रक्त तपासण्याचा हुकूम केला. रक्त येत्या सोमवारी काढायचे होते.

मागच्या तारखेला भावाची साक्ष झाली. व्यापाऱ्याच्या वकिलाने फार गोड आवाजात विचारले, कुठे ठेवता, केव्हा खायला घालता, तुम्हाला ओळखतात का. प्राण्यांचा विषय निघाला की माझ्या भावाच्या तोंडाला कुलूप राहत नाही. हौद कुठे आहे, दुपारी बाकीचे जेवायला गेले की आम्ही दोघेच कसे असतो, आणि शिट्टी ऐकली की ती बिळातून कशी धावत येतात, हे सगळे त्याने सांगितले. वकील म्हणाले, "कशी हो ती शिट्टी?" त्याने भर कोर्टात वाजवून दाखवली. सगळे हसले. मीही हसले. व्यापाऱ्याचा ड्रायव्हर मागच्या बाकावर होता, तो हसला नाही. बाहेर आल्यावर मी भावाला म्हटले, "अरे शहाण्या, साक्ष द्यायला गेला होतास की पोरांचं कौतुक सांगायला?" तो म्हणाला, "ताई, पहिल्यांदाच कुणीतरी त्यांची चौकशी केली गं."

काल दुपारी मी हौदाशेजारच्या ओट्यावर मासे चिरत होते. तोच ड्रायव्हर आणि तोंडाला रुमाल बांधलेला एक इसम मागच्या फाटकातून आत आले. रुमालवाल्याच्या हातात पहार होती. ड्रायव्हर भावाला म्हणाला, "शिट्टी वाजव."

भाऊ म्हणाला, "आज नाही वाजत. तोंड आलंय."

रुमालवाल्याने त्याच्या तोंडावर पहार मारली. तो दारापाशी पडला. पडल्यावर पुन्हा मारली. हाड मोडल्याचा आवाज मला ओट्यापर्यंत ऐकू आला. जनावरे बिचकून बिळातच राहावीत म्हणून भाऊ पडल्या पडल्या जमिनीवर तळहात आपटत होता. रुमालवाल्याने त्या हातावर पाय दिला.

मग ड्रायव्हरने स्वतः शिट्टी वाजवली. हुबेहूब वाजवली.

पिलू आधी आले, कारण ती खायची वेळ होती. पिलामागे मादी आली. पिलू एकाच फटक्यात मेले. मादीला वेळ लागला, ती चावत होती.

मी सुरी ड्रायव्हरच्या डाव्या मांडीत मुठीपर्यंत घातली. माझा रोख गळ्यावर होता, त्याने ढकलल्यामुळे ती खाली बसली. हे वाक्य अंगाशी येईल, विचार करा, असे साहेबांनी मला समजावले. मी विचार केला आहे. वाक्य राहू द्यावे. तो सापडला की जखम सुरीशी जुळवून पाहता येईल. सुरी जमा केली आहे.

दोन्ही मेलेली जनावरे पोत्यात घालून ते निघून गेले. जाताना ड्रायव्हर मला म्हणाला, "घ्या, काढा आता रक्त."

भावाचा जबडा तारांनी बांधला आहे. बोलता येईल, शिट्टीचे सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणतात. शुद्धीवर आल्यावर त्याने हाताने पिलाएवढे माप दाखवून मला खुणेने विचारले. मी त्याची चादर नीट केली.

कालपासून मी तिथे कोणाला पाणी टाकू दिलेले नाही. दारापाशी सांडलेले रक्त भावाचे आहे. ओट्याखालचे ड्रायव्हरचे आहे. हौदाच्या काठावरचे मादीचे आणि पिलाचे आहे. त्यावर मी धुतलेले कोरडे खोके पालथे घातले आहे, आणि शेजारी निवाऱ्याच्या डॉक्टरीण बाई बसून आहेत.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. सही करण्याआधी एवढे जोडून घ्यावे : कोर्टाने मागितलेले रक्त खोक्याखाली आहे. सोमवारची वाट न पाहता, आजच कोणाला तरी बाटली घेऊन पाठवा.