गोठ्यातनं गेलेली रेघ

धुळा : आदी मला सांगा, भायेर हलगी कशापायी वाजतीया? अन् तुमच्या दोगींच्या कपाळाला एवढा भंडारा कुनी फासला?

राजनंदिनी : आबा, आपण जिंकलो! रस्ता अंगणवाडीवरनं जाणार नाही. मैदान सगळंच्या सगळं वाचलं.

धुळा : मंजी रस्ताच गेला म्हना की. मी म्हनलंच हुतं. वस्तीनं नको नको करायचं अन् मॅडमनं नकाशा गुंडाळून निगून जायचं.

चिमाबाई : कुटं गेला? रस्ता बी हाय, मैदान बी हाय. खाटंवर पडून निस्ता तोंडाचा पट्टा चालवाय काय जातंय!

धुळा : पाय पलास्टरात हाय म्हून पडलोय, हौस न्हाय मला. नंदे, तू सांग बाळा. तुज्या आज्जीचं ऐकून डोस्कं फिरतंय.

राजनंदिनी : सांगते. नगररचनेच्या मॅडम आल्या. 'पुढच्या वीस वर्षांत तुमची वस्ती कशी असावी, बोला,' म्हणाल्या. तर जो तो आपलंच गाऱ्हाणं घेऊन बसला. कुणाला नळ, कुणाला गटार. भारतकाका तर त्यांच्या दारातल्या दिव्याच्या खांबावरनं हलेचनात.

चिमाबाई : नकाशा भिताडावर, अन् त्या बारीक रेघा कुनाला दिसत्यात? मी म्हनलं, बाई, त्यो भुईवर उतरीव की.

राजनंदिनी : मग मी कबड्डीच्या रेघा आखायची पांढरी फक्की आणली. मॅडम नकाशा बघून सांगायच्या, मी मैदानात आखायचे. रस्त्याची रेघ सरळ अंगणवाडीच्या दारात गेली, तेव्हा कुठं सगळ्यांच्या ध्यानात आलं. मॅडम म्हणाल्या, 'ॲम्ब्युलन्स आत यायला मला एवढीच जागा दिसते. दुसरी असेल तर तुम्ही दाखवा.'

धुळा : बरुबर हाय तिचं. माजा पाय मोडला तवा झोळीत घालून सडकंपतोर न्हेला मला. पावलापावलाला जीव जात हुता.

चिमाबाई : त्येच सांगितलं म्या. अन् म्हनलं, वड्याच्या कडंनं बगू चला.

राजनंदिनी : आज्जी पुढं, सगळी वस्ती मागं. अन् रस्ता बसत होता आबा! एकही घर जात नव्हतं. फक्त...

धुळा : फक्त काय?

राजनंदिनी : आज्जी, तू सांग.

चिमाबाई : तू शिकल्याली हाईस. तू सांग.

धुळा : कुनी सांगाय नगं. वड्याच्या कडंला माजा गोठा हाय.

चिमाबाई : व्हय.

धुळा : मंगळवेढ्याकडची मेंढरं इकून सोलापुरात आलो, तवा आदी गोठा बांदला म्या. घर मागनं. चिंचोळीच्या कारखान्यात वॉचमनकी केली, पर तितं कदी जीव रमला न्हाय. घरी येऊन शेरडांच्या अंगावरनं हात फिरवला की मगच घास जायाचा. अन् तू मला न इचारता...

चिमाबाई : लोकं बी हेच म्हनत हुती. म्हातारा काठी घिऊन येतोय बग. मॅडम बी म्हनल्या, आज व्हय म्हनाल अन् उद्या फिराल. तितंच फक्की बी सपली.

धुळा : मग सोडायचं की तितंच!

राजनंदिनी : आज्जीनं कनवटीची पिशवी सोडली. बिरोबाच्या भंडाऱ्याची. अन् गोठ्यातनं आरपार रेघ ओढली.

धुळा : भंडाऱ्यानं?

चिमाबाई : भंडाऱ्यानं.

धुळा : अगं, भंडारा उचलून दिल्याला शबूद मागं घेता येतोय व्हय? देवाच्या शपतंत बांदलंस की मला!

चिमाबाई : म्हून तर वढली. तुमाला वळखून हाय मी.

राजनंदिनी : पुढचं ऐका तरी. मग ओढ्याकडचा एकेक जण आला अन् आज्जीच्या पिशवीत हात घालून आपापल्या दारातनं रेघ पुढं नेत गेला. कुणी ओटा सोडला, कुणी पायरी, कुणी न्हाणीचा आडोसा. भारतकाकांनी खांबासकट अंगण सोडलं! मॅडम म्हणाल्या, 'मंजुरीला वर जावं लागेल, पण आराखड्यात ही रेघ मी घेणार. एवढ्या वर्षांत लोकांनी आपणहून सोडलेली जागा पहिल्यांदा बघतेय.' आबा, मला तर रडूच आलं.

(हलगी दारापर्यंत येते. धुळा गोठ्याच्या दिशेनं मान वळवतो.)

चिमाबाई : बोला की. न्हायतर रागवा तरी.

धुळा : शेरडं कुटं बांदायची?

चिमाबाई : मागल्या पडवीत. जागा झाडून ठिवलीया.

धुळा : कवा झाडलीस?

चिमाबाई : सकाळी. मॅडम यायच्या आदी.

धुळा : बगा! मंजी समदं ठरवूनच गेली हुती ही बया!

चिमाबाई : मग काय, तितं जाऊन तोंड बगत हुबी राहू?

धुळा : नंदे, त्या चिकट भारत्यानं खरंच अंगण सोडलं?

राजनंदिनी : खरंच. पण सगळ्यांच्या आधी तुमचा गोठा होता, आबा.

धुळा : मग बसलाय काय दोगीजनी? मला धरून उठवा. गोठा माजा हाय, पयला दगुड माज्या हातानं निगू दे.