लाल खडूची फुली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या प्रदर्शन कंपनीचे संचालकसाहेब. प्रमुख पाहुण्या, स्टॉलधारक संघटनेच्या अध्यक्षबाई. ज्यांना आज निरोप द्यायला आपण जमलो ते मॅनेजरसाहेब, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. आणि समोर बसलेले माझे सुतार, रंगारी, वायरमन, कार्पेटवाले आणि सफाईवाल्या बायका, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

सुरुवातीलाच एक क्षमा मागतो. ऑफिसने सांगितलं होतं की जो कोणी बोलणार आहे त्याने भाषण आठ दिवस आधी लिहून द्यावं, एकदा नजरेखालून घालू. मी ते आज सकाळी लिहिलं. इतक्या उशिरा लिहिलं याबद्दल माफ करा. त्यामुळे ते कुणाच्या नजरेखालून गेलं नाही, त्याबद्दल मात्र माफी मागत नाही.

मी सहावीपर्यंत शिकलेला माणूस. कागदावरून वाचताना ओळ चुकली तर सांभाळून घ्या. चष्मा जुना आहे आणि हा माइक हलतो आहे. याचा खालचा स्क्रू कुणी बघितलाय की नाही? असू दे. हात धरून बोलतो. आणि वहिनी, तुमच्या डोक्यावर ही फुलांची कमान आहे ना, तिचे मागचे दोन्ही बोल्ट मी मघाशी स्वतः आवळून आलोय. एक ढिलाच होता. आता निश्चिंत बसा.

साहेबांबद्दल चार चांगले शब्द बोलायचे असं मला सांगण्यात आलं आहे. तर ऐका. साहेब वेळेचे पक्के. साहेबांचे बूट कधी मळलेले मी पाहिले नाहीत, आणि आमच्या हॉलमध्ये भुशाच्या ढिगातून चालून बूट न मळणं ही साधी कला नव्हे. साहेबांना सरळ रेघ आवडते. सगळं उभं राहिल्यावर यायचे, हात मागे बांधायचे आणि म्हणायचे, "मिस्त्री, हे जरा इकडे घ्या." जरा म्हणजे चार बोटं. ती चार बोटं घ्यायला आठ माणसं आणि अर्धा दिवस लागायचा. दुसऱ्या दिवशी म्हणायचे, "कालचंच बरं होतं." हसू नका रे, मागे. तुम्हीच उचलायचात.

चार झाले का शब्द? मोजून घ्या.

बाईसाहेब, तुम्ही आमच्याकडे पुढच्या दाराने येता, म्हणून तुम्हाला आमचं काम थोडं सांगतो. या देशात वर्षाला किती प्रदर्शनं भरतात! यंत्रांचं, कापडाचं, औषधांचं, खेळण्यांचं, छपाईचं, शेतीच्या अवजारांचं. कुठल्या तरी मोठ्या शहरात कुठला तरी हॉल उघडाच असतो. तीन दिवसांत रिकाम्या जमिनीवर अख्खी बाजारपेठ उभी करायची, चार दिवस लोकांनी बघायची, एका दिवसात पाडायची आणि ट्रक भरून पुढच्या गावाला निघायचं. मी हे चौतीस वर्षं केलं. माझ्या थोरलीचं लग्न मी ठरवलं खेळण्यांच्या प्रदर्शनात, बाराव्या स्टॉलच्या मागे उभं राहून, फोनवर. पुढून तुम्हाला संगमरवर दिसतो, मागून ती खोक्याची फळी असते आणि तिला टेकून आमच्यातला कुणीतरी डबा खात असतो.

या कामात आमची एक रीत आहे. ऑफिसच्या कुठल्या कागदावर ती नाही. खांब उभा केला, पण वरून अजून बांधलेला नाही, बोल्ट बसायचेत, असं असेल तर सुतार त्या खांबावर लाल खडूने फुली मारतो. फुली म्हणजे याच्याखाली उभं राहू नका. आणि ज्याने मारली त्यानेच ती पुसायची, काम पक्कं करून. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एवढीच रीत. पण तिच्या भरवशावर आम्ही दोनशे माणसं एकमेकांच्या डोक्यावर लाकडं चढवत आलो.

आता माझ्या मागे हा जो फलक लावलाय, तो वाचा. "बत्तीस वर्षांची निर्विघ्न सेवा." पुस्तिकेतही तेच छापलंय, पान तीनवर, साहेबांच्या फोटोखाली. निर्विघ्न! मी हा शब्द परवा वाचला आणि पुस्तिका बायकोपुढे ठेवली. बायको म्हणाली, "तुम्ही भाषण नका करू. तुमचं ब्लडप्रेशर वाढतं आणि मग मला जागावं लागतं." म्हटलं, जागशील एक दिवस.

अकरा वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघराच्या उपकरणांचं प्रदर्शन तुमच्यातल्या किती जणांना आठवतं? सगळ्यांना आठवतं. माना खाली गेल्यात म्हणजे आठवतं.

मी मुख्य मिस्त्री होतो. मधल्या चौकातला मोठा स्टॉल माझ्या धाकट्या भावाकडे होता. तुम्ही त्याला ओळंबा म्हणायचात. उंच, किडकिडीत, आणि वागायला इतका सरळ की त्याच्याशी थट्टा करायचीसुद्धा भीती वाटायची. स्टॉलवर लाकडी कमान, कमानीवर काचेच्या अक्षरांची पाटी. दोन माणसांना उचलेना एवढी जड. डावी बाजू वरून बांधायची राहिली होती, कारण उंच शिडी ऑफिसवाले फीत बांधायला घेऊन गेले होते. ओळंब्याने दोन्ही खांबांवर फुली मारली, मला ओरडून सांगितलं, "दादा, शिडी आणतो, कुणाला खाली येऊ देऊ नकोस," आणि गेला.

एवढ्यात उद्घाटनाचे पाहुणे चाळीस मिनिटं आधी आले.

साहेब धावतच आले. खांबाकडे बघून म्हणाले, "मिस्त्री, हे काय चितारून ठेवलंय?"

"फुली आहे साहेब. डावी बाजू सुटी आहे."

"पाहुणे दारात आहेत. पुसा."

"साहेब, दहा मिनिटं द्या. शिडी आली की..."

"दहा मिनिटांत काय कोसळतंय? पुसा म्हणतो ना!"

साहेब, तुम्ही मान हलवताय. नाही म्हणताय की आठवत नाही म्हणताय? तुमच्या हातात पिवळा रुमाल होता. तो तुम्ही पाण्याच्या बाटलीने भिजवलात आणि माझ्या हातात दिलात. एवढं माझ्या लक्षात आहे. गेल्या आठवड्यात काय जेवलो ते विचाराल तर सांगता येणार नाही.

आणि मी पुसली. दोन्ही खांबांवरची पुसली. साहेबांनी पुसली असं मी म्हणत नाही, मी पुसली. मग मला दारावरच्या फितीकडे पाठवलं आणि मी गेलोही.

फुली दिसली नाही म्हणून स्टॉलवरची मुलगी माहितीपत्रकं घेऊन कमानीखाली उभी राहिली. नोकरीला लागून तिला आठवडा झाला होता. पाटी आली ती तिच्या खांद्यावर. हात दोन ठिकाणी मोडला. आजही तो हात तिच्या खांद्याच्या वर जात नाही. निर्विघ्न, साहेब? तिच्या घरी ही पुस्तिका पाठवली का?

थांबा, एक चिठ्ठी आली आहे. "वेळ संपली, आवरा." आवरतो. बत्तीस वर्षांच्या सेवेला पाऊण तास मिळाला, मला अजून पाच मिनिटं द्या. अध्यक्षसाहेब, तुम्ही हात केलात, म्हणजे बोलू ना? आभारी आहे.

दुसऱ्या दिवशी काचेच्या केबिनमध्ये चौकशी झाली. साहेब खुर्चीत, आम्ही दोघं भाऊ उभे. साहेबांनी धाकट्याला विचारलं, "सुटा खांब सोडून गेलात, फुली मारली होती?" तो म्हणाला, "मारली होती. दादाला विचारा." साहेब माझ्याकडे वळले. आवाज अगदी मऊ. "काय मिस्त्री? तुम्ही पाहिली का फुली?"

तेव्हा मला दोन मुली लग्नाच्या होत्या, हे मी मनात खूप वेळा म्हणून झालंय. त्याने काही फरक पडत नाही. मी म्हणालो, "साहेब, माझ्या लक्षात नाही."

ओळंब्याने माझ्याकडे बघितलं. नुसतं "बरं" म्हणाला. भांडला असता तर बरं झालं असतं.

साहेबांनी तिथल्या तिथे फाटकावरच्या बंदीच्या यादीत त्याचं नाव लिहिलं आणि पुढे एक शब्द: निष्काळजी. एका फाटकावर नाव गेलं की देशातल्या सगळ्या हॉलच्या फाटकांवर जातं. माझा भाऊ, ज्याच्या हातचा लाकडाचा सांधा बघायला दुसऱ्या कंपन्यांचे मिस्त्री यायचे, तो अकरा वर्षं लोकांच्या घरी कपाटांच्या बिजागऱ्या बदलतो आहे. माझ्याशी बोलत नाही. भावजय बोलते, तेही दारातून.

गेल्या महिन्यात पुतणी घरी आली. शिकली आहे, कॉम्प्युटरवर स्टॉलची चित्रं काढते. चहा घेतला नाही. म्हणाली, "मोठे काका, बाबा आईलासुद्धा एकच सांगतात की फुली मारली होती. मी लहानपणापासून ऐकतेय. आता मला वाटायला लागलंय की ते स्वतःची समजूत घालतायत. तुम्ही तिथे होतात. होती का?"

मी तिला म्हणालो, "तुझा चहा गार होतोय."

म्हणाली, "मला उत्तर मिळालं," आणि गेली. तिला काय उत्तर मिळालं ते मला माहीत नाही. तिने बापालाच खोटं ठरवलं असेल तर? हे एवढं डोक्यात आलं की मला बसवत नाही.

मी त्या यादीसाठी नव्या मॅनेजरांना भेटलो. माणूस सभ्य आहे. म्हणाले, "जुन्या साहेबांनी लिहिलंय. त्यांची सही असल्याशिवाय मी कसं खोडू?" आणि जुन्या साहेबांची सही आज संध्याकाळपर्यंत चालते. उद्यापासून ते घरी बसणार. म्हणून मी इथे उभा आहे. तुमच्या कौतुकासाठी आलो नाही साहेब, हे तुम्हालाही कळलं असेलच.

हा दुसरा कागद. चार ओळी आहेत, त्या वाचतो. "मधल्या चौकातल्या दोन्ही खांबांवर लाल खडूची फुली होती. ती मी पुसली. मॅनेजरसाहेबांनी सांगितलं म्हणून पुसली. चौकशीत मी खोटं बोललो." खाली माझी सही आहे. सकाळी भाषण लिहिण्याआधी हीच केली. तिच्या शेजारी जागा सोडली आहे. मी तो साहेबांच्या पुष्पगुच्छाशेजारी ठेवतो आहे. पेनही ठेवतो.

साहेब, मी तुम्हाला शिव्या देणार होतो, लिहूनही काढल्या होत्या, बायकोने खोडायला लावल्या. तुम्ही वाईट माणूस आहात असं मी म्हणणार नाही. तुम्हाला दहा मिनिटं जड झाली. मला दहा शब्द जड झाले. पण शिक्षा तिसऱ्यालाच झाली आणि आपण दोघं इथे फुलांखाली बसलो आहोत. हे तुम्हाला चालत असेल तर कागद तिथेच राहू द्या. मग तोच कागद मी उद्या फाटकावर लावीन, माझ्या एकट्याच्या सहीने, आणि काय व्हायचं ते होऊ दे माझं.

अध्यक्षसाहेबांनी वेळ वाढवून दिला, बाईसाहेबांनी शांतपणे ऐकलं, उठून जायचं मनात आलं तरी वहिनी बसून राहिल्या, त्या सगळ्यांचे आभार. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुठे तोंड सुटलं असेल, तर म्हातारा समजून पोटात घाला. जेवणाआधी खोळंबा केला त्याबद्दलही.

शेवटची विनंती समोरच्या माझ्या माणसांना आहे. मी आता बाहेर जाऊन बसतो, साहेबांच्या हाताकडे बघत राहणं मला जमणार नाही. सही झाली की ओळंब्याला कळवा. नाही झाली तरी कळवा की तुझ्या भावाने भर सभेत फुली होती म्हणून सांगितलं. पुतणीच्या कानावर घाला. नंबर तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे आहे. माझा फोन तो उचलत नाही, तुमचा उचलेल. जेवायला बसायच्या आधी करा, एवढं लवकर करा. आणि तो काय म्हणाला, ते कुणीतरी बाहेर येऊन मला सांगा.