आळ्यातलं बी

आष्ट्याच्या थांब्यावर सांगलीची मोटार यायचं काही नाव घेईना. बांगड्यांची पाटी मांडीशी धरून शमशाद बसली होती. शेजारच्या दोघींतली थोरली, धाकटीच्या लुगड्याला चिकटलेलं आघाड्याचं बी एकेक करून वेचत होती. धाकटीच्या हातातला हिरवा चुडा नवाच भरलेला आहे, हे शमशादच्या नजरेनं आल्याआल्याच टिपलं होतं.

"मनू, एवढा आघाडा कुठनं गं चिकटला?"

"दारातनंच, आक्का. ह्यांनी सायबाच्या बंगल्यावानी बाग मांडलीया न्हवं. गोल आळं, भवतीनं दगड, दगडांस्नी चुना."

"आन् मधी आघाडा?"

"मधी बिलायती फुलांचं बी टाकलंतं. पलटणीतनं आणल्यालं. लढाईवर निघायच्या सकाळीच पेरलं. म्हणलं, मी यीस्तवर फुलू दे."

"मग?"

"मग जे उगवलं त्येला पानी घालती."

"अगं येडे, उपटून टाक की!"

"सासूबाई बी त्येच म्हनत्यात."

"लढाई सरून वरीस झालं, मनू. येनारी समदी आली."

"दर दिवाळीला दगडांस्नी चुना मारती मी."

"तुला आघाडा वळखू येत न्हाई व्हय गं?"

"न यायला काय झालं? रानातच वाढली की मी."

"मग ठेवलायस कशाला?"

"उपटला, तर त्यांनी पेरल्यालं उगवलंच न्हाई, असं हुतंय, आक्का."

धूळ उडवत मोटार आली. थोरलीनं वेचलेलं बी झटकायला मूठ उघडली.

"टाकू नगा, आक्का. बी हाय त्ये."