खडकावरचं पिल्लू

आई : म्हणजे त्या दगडांना डोळे आहेत?

लेक : दगड नाहीत गं, सील आहेत ते. हळू बोल. होडीवाल्यानं मुद्दाम इंजिन बंद केलंय. म्हणतो, जरा आवाज झाला की सगळे धप्पकन पाण्यात.

आई : अगो बाई, केवढे गलेलठ्ठ! पंगत उठल्यावर आडवे झाल्यासारखे. आणि तो डावीकडचा बघ, पोट खाजवतोय. अगदी तुझे बाबा, रविवारी दुपारी.

लेक : आई!

आई : खोटं आहे का? आणि ते काळे पक्षी? पंख वाळत घालून उभे आहेत.

लेक : पाणकावळे.

आई : एवढं विमानानं आले आणि पाणकावळेच! बरं वाटलं हो, कुणीतरी ओळखीचं भेटलं. ते उड्या मारणारे डॉल्फिन तेवढे दाखव, म्हणजे मी परवा सुखानं घरी जाईन. तू काय सारखी फोन बघतेस?

लेक : रेंजच नाहीये. गुंड्या उठला असेल का गं?

आई : उठला तर उठला. बाप आहे ना जवळ? जावईबापूंनी आपल्या दोघींना बळंच होडीत बसवलं, ते काय फोन बघायला?

लेक : सकाळी अख्खी बाटली संपवली त्यानं. माझ्याकडे आला की नुसता हातपाय झाडतो. तो रडतो, मग मी रडते. आई, मी ठरवलंय. आजपासून बाटलीच.

आई : बरं.

लेक : बरं काय? मला वाटलं चिडशील. दोन महिने राबतेयस, काय काय करून घातलंस मला. आणि माझ्याच्यानं एवढं साधं होत नाही.

आई : हे बघ, तू वरच्या दुधावर वाढलीस.

लेक : काय?

आई : तर! मला आलंच नाही पुरेसं. वाटी-चमच्यानं पाजलं तुला. काय कमी पडलं मग? जीभ तर चांगली हातभर झाली.

लेक : कधी बोलली नाहीस!

आई : सांगण्यासारखं काय त्यात? तुझं पोट भरायचं, मी झोपायचे. अगं, ती बघ, पाण्यातून वर चढतेय! धड पाय नाहीत, पोटावर सरकतेय बिचारी.

लेक : आई आहे ती. पिल्लू खडकावर ठेवून गेली होती म्हणे. त्या फटीत बघ, पांढरं.

आई : अय्या, कापसाचा बोळाच!

लेक : तिथे तर चार-पाच पिल्लं आहेत. तिला तिचं कसं कळणार?

आई : गप. ऐक.

(खडकावरून तान्ह्या बाळासारखं रडणं ऐकू येतं.)

आई : हुबेहूब माणसाचं पोर गं! ती बघ, बाकीच्यांना ओलांडून थेट आली. हुंगतेय. नाकाला नाक. काय शहाणी बाई! झाली कुशीवर. लागलंच प्यायला! बघितलंस?

लेक : आई, तुझी शाल दे.

आई : थंडी वाजतेय?

लेक : नाही. पुढून सगळं ओलं झालंय.

आई : लाट उडाली? मी तर कोरडी आहे.

लेक : लाट नाही गं.

आई : अगं बाई! पान्हा फुटला तुला!

लेक : हळू! होडीवाला बघेल.

आई : तो कशाला बघतोय? तो तिच्याकडे बघतोय. आहेच तशी देखणी. ये, अशी गुंडाळून घे. रडतेस काय वेडे?

लेक : आणि घरी गेल्यावर त्यानं पुन्हा नाहीच घेतलं तर?

आई : तर बाटली आहे, वाटी-चमचा आहे. मी आहे परवापर्यंत.

लेक : तो विचारतोय, बेटाला वळसा घालू का? पलीकडे डॉल्फिन दिसतात.

आई : मग? काय सांगतेस?

लेक : तुला बघायचे होते ना.

आई : ते पुढच्या खेपेला, गुंड्याला मांडीवर घेऊन. होडी वळव म्हणावं. पण सावकाश. पिल्लू अजून पितंय.