वार्तिनीच्या जागेवर

(पूर्व जावातलं एक केंद्र. परदेशी घरकामाला जाऊ पाहणाऱ्या बायका इथं राहून भाषा आणि काम शिकतात, आणि परदेशातलं एखादं घर व्हिडिओ फोनवर मुलाखत घेऊन निवडेपर्यंत थांबतात. केंद्र रेत्नोबाई चालवतात. गच्चीवर दोघी जणी वाळलेल्या चादरी काढताहेत.)

कासमी : ...मी म्हटलं त्यांना, थांबा ना, वार्तिनीताई येईल एवढ्यात. शपथेवर सांगते, म्हटलं मी.

वार्तिनी : टोक धर चादरीचं. घट्ट.

कासमी : ऐकतेयस ना?

वार्तिनी : कान आहेत मला. मुलाखत माझी होती आणि दोनची होती. अकराला कशी झाली?

कासमी : तैवानच्या त्या माणसाला दुपारी कुठंतरी जायचं होतं, म्हणून अकरालाच फोन लावला त्यानं. रेत्नोबाई ओरडत आल्या, वार्तिनी कुठाय? कुणीतरी म्हणालं, दवाखान्यात नेलंय, छातीचा फोटो काढायला.

वार्तिनी : चौथ्यांदा. तीन महिने झाले की तो कागद शिळा होतो. अकरा महिने इथं पडून राहिले नसते, तर आज कशाला गेले असते?

कासमी : मी केर काढत होते. रेत्नोबाई मला म्हणाल्या, मुलाखतीचा निळा शर्ट घाल आणि बस. पाच-दहा मिनिटं त्याला बोलण्यात गुंतव, माणूस हातचा जायला नको. नुसतं गुंतवायचं होतं ताई!

वार्तिनी : गुंतवलंस की.

कासमी : तू शिकवलेलीच वाक्यं म्हटली. दात न दाखवता हसले. त्याच्या तोंडाकडं न बघता वरच्या कॅमेऱ्याच्या काळ्या ठिपक्याकडं बघितलं. तरी घोटाळा झालाच. ‘आजींना अंघोळ घालीन’ म्हणायचं, तर ‘आजींना धुऊन वाळत घालीन’ असं काहीतरी म्हणून बसले.

वार्तिनी : मग?

कासमी : हसलासुद्धा नाही तो. घड्याळ बघत होता. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात मागं कोंबडा आरवला.

वार्तिनी : वॉचमनचा?

कासमी : मेला तोच. ज्यांना सांभाळायचं त्या आजी, त्याची आई, मघापासून त्याच्या शेजारी खुर्चीत मान टाकून बसल्या होत्या, मला वाटलं झोपल्यात. त्यांनी मान वर केली आणि एक शब्द बोलल्या. एकच. तो माणूस हमसून रडायला लागला. रेत्नोबाई घाबरल्या. विचारलं, तर म्हणाला, अर्धांगाचा झटका आल्यापासून आई बोललीच नव्हती. सात महिने.

वार्तिनी : काय म्हणाल्या?

कासमी : ‘उजाडलं.’

वार्तिनी : अकरा वाजता?

कासमी : लहानपणी त्यांच्याकडं कोंबड्या होत्या म्हणे. मग डोळे पुसून म्हणाला, हीच मुलगी पाहिजे.

वार्तिनी : कोंबडा पाहिजे म्हणायचं असेल त्याला. त्यालाच बसवा विमानात. भाषा शिकवायला नको, वय विचारायला नको.

कासमी : चेष्टा करू नको गं.

वार्तिनी : चेष्टा नाही. सहा महिन्यांपूर्वी माझ्या मुलाखतीत हाच कोंबडा ओरडला होता. सिंगापूरची बाई होती. तिनं तोंड वाकडं केलं. म्हणाली, ही फारच खेडवळ दिसते, आमच्या इमारतीत नाही जमणार. फोन बंद. वर रेत्नोबाईंनी मलाच झापलं, जसं काही मीच आरवले.

कासमी : मी नाही म्हणून सांगते त्यांना. आत्ता जाते.

वार्तिनी : कशाला?

कासमी : तुझी जागा आहे ती. मला येऊन तीन आठवडे झालेत. तू निघालीस की मग मी.

वार्तिनी : बस खाली. रेत्नोबाईंना मी विचारून आलेय.

कासमी : काय विचारलंस?

वार्तिनी : तुझ्याऐवजी मला पाठवा म्हटलं.

कासमी : कधी?

वार्तिनी : मघाशी. दवाखान्यातून आल्या आल्या. फाटकातच कळलं मला. पाय न धुता तशीच आत गेले. म्हटलं, कासमीला भाषा येत नाही. अंगात जोर नाही, आजीला उचलायला गेली तर दोघी पडतील. आणखी दोन गोष्टी बोलले तुझ्याबद्दल.

कासमी : कोणत्या?

वार्तिनी : एक खोटी होती.

कासमी : आणि दुसरी?

वार्तिनी : घोरतेस.

कासमी : ...खोटी कोणती होती?

वार्तिनी : ती नको विचारू. त्यांनी ऐकलीही नाही नीट. म्हणाल्या, त्या घरच्यांनी तिचं तोंड बघितलंय, आता बदलता येत नाही. तू नाही म्हणालीस तर ते दुसऱ्या केंद्रात जातील आणि तुझं नाव जाईल तळाला. माझ्या पदरात काही पडायचं नाही.

कासमी : तुझा राग आलाय मला.

वार्तिनी : येऊ दे.

कासमी : आणि वाईटही वाटतंय. दोन्ही एकदम कसं वाटतं गं?

वार्तिनी : वाटतं. ती उशीची खोळ दे इकडं.

कासमी : मग हे सगळं कशाला केलंस तू? केस कापलेस. लहान पोरांच्या घरी तरुण बायका मागतात म्हणून म्हाताऱ्यांच्या कामाला नाव लावलंस. सकाळचा उजेड तोंडावर छान येतो म्हणून ओळखीचा व्हिडिओ पुन्हा काढून घेतलास. मला पाठ करायला लावलीस ती वाक्यं. आणि शेवटी एक कोंबडा!

वार्तिनी : वाक्यं येत नसती, तर रेत्नोबाईंनी तुझ्या हातातला झाडू ठेवायला लावला असता का?

कासमी : तुला तर सगळीच येत होती. मग तुझं काय चुकलं?

वार्तिनी : काही नाही. छातीचा फोटो छान आलाय. दवाखान्यातला माणूस म्हणाला, वीस वर्षं लवंगेच्या सिगारेटी वळल्यात हे फुप्फुसं बघून खरं वाटत नाही. कारखान्यात वळायचं यंत्र आलं नसतं तर अजून वळत बसले असते. पोरीला शहरातल्या शाळेत घालायचं नसतं तर इथं आले नसते. असं मागं मागं जात राहिलं की डोकं दुखतं फक्त.

कासमी : ताई...

वार्तिनी : ये इकडं. मला उचल.

कासमी : काय?

वार्तिनी : मी आजी. उजवी बाजू लुळी आहे माझी. खुर्चीतून पलंगावर न्यायचंय. वाकतेस कशी? कमरेत नाही, गुडघ्यात वाक. माझे हात तुझ्या गळ्यात घे. आधी सांग, ‘आजी, आता उचलते’. न सांगता उचललं की म्हातारी माणसं दचकतात.

कासमी : आजी, आता उचलते.

वार्तिनी : हां. सावकाश. जड आहे ना?

कासमी : नाही. हलकी झालीयेस तू.

वार्तिनी : ठेव आता. बरं जमलं. रोज दहा वेळा करायचं, जायचे कागद येईपर्यंत.

कासमी : महिना लागेल म्हणाल्या. मग पहाटेची गाडी.

वार्तिनी : माहितीय. सगळ्यांना पहाटेच नेतात. कासमी, जाशील त्या दिवशी मला उठवू नकोस.

कासमी : आणि जागी असलीस तर?

वार्तिनी : तरी.